खुर्ची उचलण्याची प्राचीन प्रथा

नोंदवाल्यांच्या घरातली मागची खोली पर्यटकांना द्यायची, हे ठरायला चार मिनिटं लागली. त्यातली तीन मिनिटं नोंदवाले स्वतः बोलत होते आणि चौथ्या मिनिटाला बायकोने ठरवून टाकलं.

"मुलगी नोकरीला गेल्यापासून ती खोली तुमच्या जुन्या कॅलेंडरांना दिलेली आहे," ती म्हणाली. "त्यापेक्षा माणसांना देऊ."

नोंदवाल्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं, पण ते वाचायची वेळ कुणावर येत नसे. नगरपालिकेत जन्म, मृत्यू आणि इतर बारीकसारीक नोंदवह्या ते सत्तावीस वर्षं सांभाळत होते, म्हणून सगळ्या गावाचे ते नोंदवाले. सत्तावीस वर्षांत त्यांच्या हातून एकही खोटी नोंद झाली नव्हती. एकदा एक गृहस्थ आपल्या चुलत्यांचा मृत्यू नोंदवायला आले, तेव्हा नोंदवाले म्हणाले, "बसा, खात्री करून येतो," आणि सायकलवर जाऊन आले. चुलते अंगणात दाढी करत होते. (त्यांनी साबणाच्या फेसातूनच चौकशी केली, की काय काम काढलंत.) तेव्हापासून गावात एखादी गोष्ट खरी आहे हे सांगायचं असलं, की लोक म्हणत, "नोंदवाल्यांनी लिहिली आहे."

गावाबाहेरचं तळं तिथे पहिल्यापासूनच होतं. लोक तिथे गाड्या धुवायला जात. मग कुणा एकाने पहाटे तिथे जाऊन धुक्यातला एक फोटो काढला, तो जगभर फिरला आणि मागोमाग जग गावात यायला लागलं. पूर्वी गल्लीत अनोळखी माणूस दिसला तर तो एक तर मीटर वाचायला आलेला असे, नाहीतर वाट चुकलेला. आता अनोळखी माणसंच इतकी झाली, की ओळखीचा दिसला तर लोक थांबून बघत. नगरपालिकेने 'पाहुणाघर योजना' काढली. अर्ज छापले. ते अर्ज तपासायचं काम अर्थातच नोंदवाल्यांकडे आलं, आणि घोटाळा तिथेच झाला.

अर्जात अकरावा रकाना होता: 'पाहुण्यांना अनुभवता येईल अशी घरातील किंवा गल्लीतील परंपरा.' खाली कंसात सूचना होती, की 'निरंक' लिहू नये. रकाना रिकामा असलेले एकोणीस अर्ज नोंदवाल्यांनी त्या आठवड्यात शेरा मारून परत केले होते. आता विसावा समोर होता आणि तो त्यांचा स्वतःचा होता.

"अगं, आपल्या घरात परंपरा काय आहे?" त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं.

"तुम्ही टॉवेल पलंगावर टाकता."

"पाहुण्यांना अनुभवता येईल अशी."

"त्यांनाही अनुभवता येईल. पलंग ओला होतो."

एवढ्यात समोरच्या घरातले सर आले. हे निवृत्त चित्रकला शिक्षक. शाळा सुटली तरी शिकवणं सुटलेलं नव्हतं. ते खुर्चीत टेकणार, तोच आतून आवाज आला, "सर, खुर्ची उचलून जरा खिडकीकडे घ्या हं."

त्या जागची फरशी अकरा वर्षांपूर्वी फुटली होती. खुर्चीचा मागचा पाय त्यात जाई आणि माणूस बोलता बोलता छताकडे बघायला लागे. तेव्हापासून घरात येणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगितलं जाई. सरांनी खुर्ची उचलली, खिडकीकडे ठेवली आणि बसले. नोंदवाल्यांनी ते पाहिलं. पेन उचललं. अकराव्या रकान्यात सुवाच्य अक्षरांत लिहिलं: 'पाहुणा घरात आल्यावर आपली खुर्ची स्वतः उचलून मनाजोग्या जागी ठेवतो व मगच बसतो.'

त्यांनी ते तीनदा वाचलं. एकही शब्द खोटा नव्हता. फरशीचा उल्लेख नव्हता, पण रकान्यात फरशीबद्दल विचारलेलंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी कार्यालयात त्यांनी स्वतःचा अर्ज स्वतः तपासला आणि स्वतः मंजुरीसाठी पुढे पाठवला.

पहिलं जोडपं पुढच्याच महिन्यात आलं. नवरा दारात वाकून आत शिरला इतका उंच होता. त्याने बॅग खाली ठेवली, खोलीभर नजर फिरवली आणि हळू आवाजात विचारलं, "हीच का ती खुर्ची?"

खुर्ची प्लास्टिकची होती. एका हाताला मुलीने लहानपणी चिकटवलेलं बदकाचं चित्र अजून होतं. त्या माणसाने ती दोन्ही हातांनी उचलली. घरभर हिंडून, खिडकी, कपाट, देवळी असं सगळं बघून शेवटी फ्रिजशेजारी ठेवली आणि बसला. त्याचे डोळे भरून आले होते. "आयुष्यात पहिल्यांदा," तो बायकोला म्हणाला, "मला कुणी विचारलं, की तुला कुठे बसायचंय."

फरशीबद्दल सांगावं म्हणून नोंदवाल्यांनी तोंड उघडलं, पण भरल्या डोळ्यांच्या माणसाला फरशी कशी सांगणार. त्यांनी चहा विचारला.

त्या जोडप्याने जगाला कळवलं. तीन महिन्यांत लोक गल्लीला 'खुर्ची गल्ली' म्हणू लागले. मग इतर घरांतले पाहुणे तक्रार करायला लागले, की आमच्या घरमालकांनी आम्हाला सरळ 'बसा' म्हटलं, हा काय प्रकार. तेव्हा सरांनी आपल्या अंगणात बैठक बोलावली.

तेवीस घरांतली माणसं आली. छत्रीवाले थोरले आणि छत्रीवाले धाकटेही आले, आणि नेहमीप्रमाणे दोन टोकांना बसले. हे दोघे सख्खे भाऊ. दुकानाच्या पाटीवरून नऊ वर्षांपूर्वी भांडण झालं, तेव्हापासून भिंतीला भिंत लागून असूनही एकमेकांशी शब्द नाही. बाकी गल्ली बोलत होती आणि सर खडूने फळ्यावर मुद्दे लिहीत होते.

"खुर्ची लाकडीच हवी," सर म्हणाले. "प्लास्टिक ही नंतरची भेसळ आहे."

"अहो सर, आमच्याकडे पहिल्यापासून प्लास्टिकचीच..." नोंदवाल्यांनी सुरुवात केली.

"तीच तर चूक झाली तुमची. खुर्ची छातीपर्यंत उचलायची. पहिलं पाऊल डावं. ठेवल्यावर तीन श्वास शांत उभं राहायचं. यजमानाने मदत करायची नाही. आणि विचारलं तर सांगायचं, ही प्रथा शेकडो वर्षांची आहे."

"सर, तुम्हीच इथे राहायला येऊन नऊ वर्षं झाली."

"मी माझं नाही म्हणत, नोंदवाले. प्रथेचं म्हणतोय."

महिन्याभरात प्रत्येक घरात एक जड लाकडी खुर्ची आली. सुतार गल्लीतला असल्यामुळे त्याचाही उत्साह दांडगा होता. एका खुर्चीचं वजन सिमेंटच्या अर्ध्या पोत्याएवढं भरत असेल. खुर्ची सुरुवातीला कुठे असावी हे कळावं, म्हणून सरांनी प्रत्येक घरात एकेक गोल चटई पसरली. नोंदवाल्यांकडे ती बरोबर फुटक्या फरशीवर आली. पर्यटक येत, डावं पाऊल टाकत, घामाघूम होऊन खुर्ची हलवत आणि तीन श्वासांच्या जागी तीस श्वास टाकत उभे राहत.

गल्ली बदलली. आधी दोऱ्यांवर वाळणारे कपडे गेले, कारण ते फोटोत येत. मग रंगीत फुलं असलेली जाकिटं आली. ती या गावात कधीच कुणी घातली नव्हती, पण शिंप्याकडे तसं कापड पडून होतं. आणि संध्याकाळी पाच वाजता गल्लीतल्या बायका पायऱ्यांवर बसून तासभर बोलायच्या, ते बंद पडलं. बंद कुणी केलं नाही. पण समोर कॅमेरे धरून दहा माणसं उभी असली, की जावेबद्दल मोकळेपणाने बोलता येत नाही. बेकरीवाल्यांच्या बायकोचा जांभई देतानाचा फोटो बसस्टँडवर मोठा करून लावला गेला होता, खाली अक्षरं होती 'निवांत जीवन'. ती त्यानंतर पायरीवर आली नाही.

"पूर्वी माणूस आला की बसायचा," नोंदवाल्यांची बायको एकदा म्हणाली. "आता बसायच्या आधी नाटक करतो, आणि आम्ही स्वतःच्या पायरीवर बसलो तर ते पण नाटक दिसतं. हे सगळं तुमच्या त्या एका ओळीमुळे."

"ओळ खरी होती," नोंदवाले म्हणाले.

"हो. फरशीएवढी खरी."

दीड वर्ष असं गेलं. मग एका सोमवारी साहेबांनी नोंदवाल्यांना केबिनमध्ये बोलावलं. साहेबांच्या टेबलावर निळ्या कापडी बांधणीची एक कोरी नोंदवही होती. पाठीवर सोनेरी अक्षरं: 'गावाच्या परंपरा'.

"वरून आदेश आलाय," साहेब म्हणाले. "ही कायमची नोंदवही. हिच्यात एकदा लिहिलं की शंभर वर्षं राहणार. पहिली नोंद कशाची, ते तुम्हाला सांगायला नको."

नोंदवाल्यांना नको होतं, पण साहेबांनी सांगितलं.

"विद्यापीठातून संशोधक बाई येतायत तपासायला. तीन दिवस. त्यांनी सही केली, की नोंद तुमच्या अक्षरात. मोत्यासारखं अक्षर आहे तुमचं. वय लिहायचं 'शेकडो वर्षे'. सरांनी मसुदा दिलाच आहे."

"साहेब, पण वयाचा पुरावा..."

"पुरावा म्हणजे? सगळं गाव सांगतंय. आणि मूळ अर्ज तुमचाच आहे की. तुमच्या सहीचा. तुम्ही लिहिलंय म्हणजे खरंच असणार."

नोंदवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. इतक्या वर्षांतली पहिली खोटी नोंद, तीही शंभर वर्षं टिकणाऱ्या कागदावर, आणि तीही त्यांच्याच हातची. घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं.

"मग खरं सांगून टाका त्या बाईंना," ती भाजी निवडत म्हणाली.

"सांगितलं तर विचारतील, अर्जात का लपवलंत. चौकशी लागेल. आणि तेवीस घरांनी लाकडी खुर्च्या केल्यात, ते मला गावात राहू देतील?"

"मग नका सांगू."

"मग खोटं लिहावं लागेल."

"मग सांगा."

"अगं, तू एक बाजू धर ना."

"मी भाजी धरली आहे. बाजू तुमची तुम्ही धरा."

संशोधक बाई गुरुवारी सकाळी आल्या आणि उतरल्या नोंदवाल्यांकडेच, कारण मूळ घर तेच. पन्नाशीच्या, बारीक, कापडी पिशवी खांद्याला. पायरीवर चप्पल काढताना त्यांनी उंबरा नीट बघितला, तेवढ्यानेच नोंदवाल्यांना घाम फुटला. आत सर आधीच जाकीट घालून उभे होते. बाईंनी लाकडी खुर्चीकडे पाहिलं, ती हलवून पाहिली आणि म्हणाल्या, "मी उभी राहते."

"तसं चालत नाही," सर म्हणाले.

मग बाईंनी खुर्ची उचलली. डावं पाऊल पुढे टाकलं. सरांनी मान डोलावली. नोंदवाल्यांनी डोळे मिटून घेतले.

दोन दिवस सरांनी बाईंना सोडलं नाही. तेवीस घरांतून हिंडवलं. शिंप्याने जाकिटाच्या फुलांचे अर्थ सांगितले. सुताराने सांगितलं, की खुर्चीचं माप पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आलंय. (तो फूटपट्टी खिशात ठेवायला विसरला होता.) सरांच्या सासूबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या. त्यांनी शपथेवर सांगितलं, "माझ्या लग्नात माझ्या सासऱ्यांनी स्वतः खुर्ची उचलली होती." हे खरंही होतं, कारण जेवणाची पंगत मांडायला जागा हवी होती, आणि ते लग्न भलत्याच गावात झालं होतं. बाई सगळं वहीत लिहून घेत. नोंदवाले मागून चालत आणि दर घरी तोंड उघडत, आणि दर घरी सर बोलायला लागत.

शनिवारी दुपारी साहेब निळी नोंदवही घेऊन घरी आले. सर आले. पुढच्या खोलीत सगळे उभे राहिले, कारण खुर्च्या उचलायची कुणाचीच ताकद उरली नव्हती. साहेबांनी नोंदवही टेबलावर उघडली आणि पेनाचं टोपण काढून पेन नोंदवाल्यांच्या हातात दिलं.

"लिहा. प्रथेचं वय..."

नोंदवाल्यांनी पेन कागदावर टेकवलं. ते हलेना. दाढी करणारे चुलते त्यांच्या डोळ्यांपुढे आले, की काय काम काढलंत म्हणून विचारणारे. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"बाई, हे सगळं खोटं आहे," ते म्हणाले. "म्हणजे खोटं नाही, पण खरं नाही. शेकडो वर्षं वगैरे काही नाही. आमच्या घरातली एक फरशी फुटली होती. खुर्चीचा पाय त्यात जायचा म्हणून आम्ही माणसांना म्हणायचो, उचलून तिकडे घ्या. तेवढंच मी अर्जात लिहिलं. फरशीचं लिहिलं नाही. चूक माझी आहे. चौकशी लावायची तर माझ्यावर लावा."

सरांनी जाकिटाची वरची गुंडी काढली.

"काय बोलताय तुम्ही, नोंदवाले," साहेब म्हणाले. "बाई, यांना दोन दिवस बरं नाहीये."

"मला उत्तम बरं आहे. पुरावा दाखवतो." नोंदवाल्यांनी खुर्ची कशीबशी बाजूला ढकलली, खाली वाकले आणि गोल चटई एका हिसक्यात ओढली.

खाली फरशी होती. अखंड. शेजारच्या फरश्यांपेक्षा जरा स्वच्छच.

नोंदवाल्यांनी शेजारची बघितली. त्याच्या शेजारची बघितली. मग गुडघ्यांवर बसून भिंतीपासून मोजायला लागले. पाचवी रांग, चौथी फरशी. तीच.

"इथे होती," ते म्हणाले.

"म्हणत होतो ना," साहेब बाईंना म्हणाले. "आराम लागेल त्यांना."

सरांनी गुंडी परत लावली.

नोंदवाल्यांनी हाताने फरशी ठोकून पाहिली. इतकी वर्षं खरं लिहिलेला माणूस, आणि खरं बोलायची पाळी आली तर पुरावा जागेवर नाही. त्यांना एकदम असं वाटलं, की कदाचित फरशी कधी फुटलीच नव्हती आणि प्रथा शेकडो वर्षांचीच आहे.

"मी दुरुस्त करून घेतली," स्वयंपाकघराच्या दारातून बायको म्हणाली.

सगळ्यांनी तिकडे पाहिलं.

"बारा वर्षं यांना सांगत होते. यांनी बारा वर्षं सांगितलं, गवंडी बघतो. शेवटी हे तीन दिवस प्रशिक्षणाला गेले तेव्हा मी गवंडी बोलावला. अर्ध्या तासाचं काम होतं."

"कधी?" नोंदवाले खालूनच म्हणाले.

"सहा महिने झाले."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही अकराव्या रकान्यात दुरुस्ती करून मागायला अर्ज दिला असता. आणि मला वाटलं, तुम्हाला दिसेल. सहा महिने खुर्ची डुगडुगत नाही, हे घरातल्या माणसाला कळू नये?"

"मी दर वेळी उचलूनच बसतो ना."

"का?" हा प्रश्न संशोधक बाईंचा होता. त्या इतका वेळ भराभर लिहीत होत्या.

"का म्हणजे?"

"खाली फरशी नीट आहे. मग तुम्ही सहा महिने खुर्ची उचलून का बसताय?"

नोंदवाल्यांनी विचार केला. "सवय," ते म्हणाले. "सगळेच उचलतात."

"पाहुणे नसतानाही? खरं सांगा. कुणी बघत नसताना कुणी उचललेली पाहिली आहे?"

खरं सांगा म्हटल्यावर नोंदवाल्यांना जरा सुधरलं. तो त्यांचा प्रांत होता. "पाहिली आहे. चार महिन्यांपूर्वी, मंगळवारी, दुपारी पावणेबाराला. पर्यटक नव्हते, रस्ता बंद होता. छत्रीवाले थोरले तापाने पडले होते. मी त्यांना थर्मामीटर द्यायला गेलो. तेवढ्यात धाकटे दारात आले. दहा वर्षांनी. थोरल्यांनी तोंड भिंतीकडे केलं. धाकटे उभे राहिले. काय बोलावं हे त्यांना कळत नव्हतं, थोरल्यांनाही कळत नव्हतं, आणि मी तर नको तिथे सापडलो होतो. मग धाकट्यांनी ती जड खुर्ची उचलली, पलंगापाशी नेऊन ठेवली आणि बसले. थोरले म्हणाले, 'ताप शंभर आहे.' धाकटे म्हणाले, 'बरं.' एवढंच."

"आणि डावं पाऊल?" सर हळूच म्हणाले.

"तिकडे माझं लक्ष नव्हतं, सर. मी निघालो."

संशोधक बाईंनी चष्मा काढून पुसला. "मी वीस वर्षं हेच काम करते," त्या म्हणाल्या. "जिथे जाते तिथे शेकडो वर्षांचं काहीतरी दाखवतात. खरवडलं की चार-पाच वर्षांचा रंग निघतो, आणि कुणी कबूल करत नाही. इथे पहिल्यांदाच मला गवंड्यापर्यंत सगळं मिळालं. कारण होतं तोवर ती अडचण होती. पाहुण्यांसाठी केलंत तोवर तो खेळ होता. कारण गेलं, पाहुणे नव्हते, तरी एका माणसाने खुर्ची उचलली, तेव्हा ती प्रथा झाली. लिहा, नोंदवाले. वय, चार महिने."

"चार महिने?" साहेब म्हणाले. "शंभर वर्षांच्या नोंदवहीत?"

"शंभर वर्षांनी एकशे चार महिने... नाही, जे काय होईल ते होईल," बाई म्हणाल्या. त्यांचा हिशोब कच्चा होता. "मी यावरच सही करीन. दुसऱ्या कशावर नाही."

साहेबांनी एकदा त्यांच्याकडे आणि एकदा सोनेरी अक्षरांकडे पाहिलं. "चौकशी नको ना?"

"कशाची? अर्जातली ओळ मी वाचली आहे. तिच्यात खोटं काही नाही."

नोंदवाल्यांचा जीव भांड्यात पडला. पडल्याचा आवाज बायकोलाही ऐकू आला असावा, कारण तिने न विचारता चहा टाकला. सर तेवढे खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले होते. शेकडो वर्षं एका दुपारीत गेली, म्हणजे माणसाला लागणारच. थोड्या वेळाने ते वळले.

"म्हणजे ही जगातली सगळ्यात तरुण परंपरा आहे," ते म्हणाले. "आणि आपण तिच्या जन्माला हजर होतो." त्यांचा चेहरा उजळला. पाटीचा मजकूर त्यांच्या मनात तयार झाला होता, हे सगळ्यांना दिसलं.

नोंदवाल्यांनी लिहायला घेतलं. पेन आता पाण्यासारखं चालत होतं. मूळ कारण: फुटकी फरशी, दुरुस्त. गवंड्याची तारीख बायकोने सांगितली. छत्रीवाल्यांची वेळ, पावणेबारा. 'पथ्ये' या मथळ्याखाली बाईंनी बायकोला विचारलं, की काही लिहायचंय का. ती पदराला हात पुसत पुढे आली आणि अजिबात न अडखळता म्हणाली, "संध्याकाळी पाच ते सहा पायऱ्या गल्लीच्या. त्या वेळात फोटो काढू नयेत. बसस्टँडवरची जांभई उतरवावी." तेही लिहिलं गेलं. खाली साहेबांची सही पडणार होती, म्हणजे आता तो आदेशच होता. त्याच संध्याकाळी बेकरीवाल्यांची बायको पायरीवर आली, आणि पंधरा महिन्यांचं साचलेलं बोलायचं असल्यामुळे सात वाजले तरी उठली नाही.

पण ते नंतरचं. दुपारी पान भरत आलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "आता फक्त निरीक्षकाचा शेरा राहिला. मी सांगते, तुम्ही लिहा. 'गल्लीतील तेवीस घरांपैकी बावीस घरांत ही प्रथा आस्थेने पाळली जाते.'"

नोंदवाल्यांनी लिहिलं आणि थबकले. "बावीस?"

"पुढे लिहा. 'ज्या घरात प्रथेचा उगम झाला, तेथील यजमान मात्र खुर्ची उचलत नाहीत. कुणी पाहत नाही अशी खात्री झाल्यावर ते ती पायाने सरकवतात.'"

"मी?"

"तीन दिवस तुमच्याकडेच राहते आहे. सकाळी पेपर वाचायला बसता तेव्हा. दुपारी जेवायला बसता तेव्हा. आज दोनदा."

नोंदवाल्यांनी खात्रीसाठी बायकोकडे पाहिलं.

"खरं आहे," ती म्हणाली. "लिहा."

शंभर वर्षं टिकणारा कागद होता. नोंदवाल्यांनी पेन नीट धरलं, आणि आपल्या मोत्यासारख्या अक्षरात ते लिहिलं. मग खाली 'वरील मजकूर मी स्वतः तपासला असून तो खरा आहे' या छापील ओळीपुढे सही केली.